डावा हात, नववा आठवडा

आज सकाळचं माप: कोपराच्या वर दहा सेंटीमीटरवर डाव्या दंडाचा घेर २९.५, उजव्याचा २९. एप्रिलमध्ये पहिल्यांदा ड्रॅगन बोटीत (वीस जणींनी मिळून वल्हवायची लांब होडी) बसले त्या दिवशीही हेच आकडे वहीत आहेत. नऊ आठवडे झाले, अठरा सराव झाले, आणि सूज वाढलेली नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत माझ्या डाव्या काखेतल्या अकरा लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या. त्या काढल्या की हात सुजायची भीती असते. त्यानंतर तीन वर्षं या हाताने मी भरलेली बादली उचलली नाही. जो तो सांगे, जपा. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत: दंड-खांद्याचा जोराचा व्यायाम केला की हात सुजतो. १९९६ साली इथेच, व्हँकूव्हरमध्ये, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी ते तपासून पाहायचं ठरवलं. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना त्यांनी आधी जिममध्ये तयार केलं, मग होडीत बसवलं. एकीलाही नव्याने सूज आली नाही, जिला आधीपासून होती तिची वाढली नाही. १९९८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. त्या बायकांच्या संघाचं नाव ‘अब्रेस्ट इन अ बोट’. आज जगभर असे संघ आहेत, ते या २४ जणींमुळे. फॉल्स क्रीक या इथल्या खाडीच्या पाण्यावर उतरताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

आता वल्हवण्याबद्दल. पहिले चार आठवडे मी हातानेच ओढत होते, दंड भरून यायचा. कोच सांगून थकल्या. शेवटी मला आजीचं जातं आठवलं. दळताना तिचा हात खुंट्यावर नुसता धरलेला असायचा, झोका यायचा कमरेतून. तसंच इथे. कमरेतून वळून पुढे वाकायचं, वल्हं पाण्यात खुंटीसारखं रोवायचं आणि पाठीच्या जोरावर होडीच त्याच्याकडे न्यायची. मांडीशी आलं की वल्हं बाहेर. त्यापुढे ओढलं तर खांद्याला त्रास होतो आणि होडीला वेगही मिळत नाही.

सहाव्या आठवड्यात बाजू बदलली. डावीकडे बसलं की डावा हात खाली, पाण्याजवळ असतो. उजवीकडे बसलं की तोच वर, कपाळाच्या उंचीवर. काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं व्हायचं. पहिल्या दिवशी वीस वल्ह्यांतच थांबले. काल सलग दोन मिनिटं टिकले, पुढच्या बाकाशी ताल न चुकवता!

(स्लीव्ह, म्हणजे सूज आवरायला हातावर चढवायची घट्ट बाही, घालणाऱ्यांसाठी: ओली झाली की घासते, कोरडी जोडी पिशवीत ठेवा. आणि सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी, फिजिओशी बोला.)

माझ्या शेजारच्या बाई ७१ वर्षांच्या आहेत. होडीत आजाराबद्दल कुणी विचारत नाही, पण कुणाच्या तपासणीचा दिवस कधी आहे ते वीसही जणींना पाठ असतं. माझ्या बाकावर आधी बसणारी मैत्रीण मे महिन्यात गेली. वल्हं कसं धरायचं ते मला तिनेच शिकवलं होतं. शर्यती संपल्या की सगळ्या होड्या एकमेकींना धरून उभ्या राहतात आणि गेलेल्या मैत्रिणींच्या आठवणीत पाण्यात कार्नेशनची गुलाबी फुलं सोडतात. यंदाचं माझं फूल तिच्यासाठी.

गुरुवारी पुन्हा उजवी बाजू, तीन मिनिटं. शुक्रवारी माप घेऊन लिहिते.