पाणी ३१ फुटांवर

मंगळवार, रात्रीचे पावणेदहा. पावसाची उघडझाप. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३१ फूट.

फोन फ्रीजवर ठेवून आलेय. आज अकरावा दिवस. गेल्या महिन्यात बीपी १५०/९६ निघालं, तेव्हा डॉक्टर मीठ-लोणचं-पापडावर थांबले नाहीत. "रात्री झोपताना काय करता?" म्हणाले. खरं ते सांगितलं. युद्धाच्या बातम्या बघते. गाझा झालं की युक्रेन, युक्रेन झालं की परत गाझा. साडेबाराला कधीतरी डोळा लागतो आणि पहाटे चारला टक्क जाग. त्यांनी गोळी लिहून दिली आणि फोन खोलीबाहेर ठेवायला सांगितला.

झोप लागायला लागली. पण रुखरुख आहेच. माणसं मरतायत आणि आपण कूस बदलून घोरतोय, असं काहीतरी.

लेक म्हणतो, "आई, तू बघत बसलीस म्हणून युद्ध थांबणाराय व्हय?" नाही थांबणार. पण मी शिरोलीला फौंड्रीत हिशेब बघते. २०२२ ला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, नि भट्टीच्या कोकचे दर असे चढले, की सकाळी दिलेल्या कोटेशनचा संध्याकाळी पस्तावा व्हायचा. घरी सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला तो वेगळाच. तेव्हा जगाचं आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. फक्त पिग आयर्नचा दर कळायला रात्री बारा वाजता ढिगाऱ्याखालची पोरं बघायची गरज नव्हती. त्या बघण्याला मी काळजी म्हणत होते. निम्मी तरी ती सुपारीसारखी सवय होती.

पाण्याचे फूट मात्र सोडलेले नाहीत. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. २०१९ ला पाणी घरात, २०२१ ला परत घरात. आता ३९ म्हटलं की धान्याचे डबे माळ्यावर जातात, गाडी उंचावर लागते, आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गोळ्यांची पिशवी दाराशी येते. ती बातमी ऐकली की हात चालतात. दुसरीनं नुसतं छातीत धडधडतं.

संध्याकाळी महावीर उद्यानात फेऱ्या मारते. तिथं पोलंडच्या लोकांचं स्मारक आहे. इतक्या वर्षांत तिथं कधी थांबले नव्हते. आज थांबले.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी पोलंडमधून माणसं उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. त्यातून सुटलेली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे ५,००० जण राहिले. बायका, पोरं, म्हातारी माणसंच जास्त. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं छावणीत. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी आले, तेच गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो तिथं.

आत्तींचं माहेर वळिवडं. नव्वदीला टेकल्यात. घरी आल्या आल्या विचारलं, "आत्ती, पोलंडची माणसं आठवतात तुम्हाला?"

"न आठवाय काय झालं? आईसंगं अंडी घिऊन मी जात हुतो की कॅम्पात." (आत्ती अजून 'जात हुतो'च म्हणतात. माझी पुण्याची जाऊ हसते, हसू दे.)

"पोलंड कुठं आहे ते माहीत होतं?"

"कुठलं! मिरजेकडनं रेल्वेनं आली, म्हून मिरजेच्या पल्याडचं गाव असंल म्हनायचो."

युद्ध कशासाठी चाललंय, कोण कुणाला मारतंय, काही पत्ता नव्हता. एवढं कळत होतं, की माणसं घर सोडून आलीत आणि त्यांना अंडी लागतात. आत्तींच्या आईनं त्यात दोन पैसे कमावले, तेही त्या लपवत नाहीत. मला ते आवडलं. उगाच पुण्याईचा आव नाही.

"एक बाई लई चिकित्सक," आत्ती सांगत होत्या. "मराठीत मोजायची, एक, दोन, तीन... सातापशी अडायची. अन् परत्येक अंडं पान्यात सोडून बघायची. पव्हलं की परत. आई आदी लई चिडायची. मग घरात बी तसंच बघाय लागली."

मी पोळ्या लाटायची थांबलेच. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात आत्तींनी मला अंडी अशीच पाण्यात सोडायला शिकवली होती. इतकी वर्षं मी समजत होते, ही वळिवड्याची गावठी रीत.

मघाशी सहा अंडी आणली होती, ती पातेल्यात सोडली. पाच तळाला आडवी पडली, एक टोकावर उभं राहिलं. आत्ती खुर्चीतूनच म्हणाल्या, "उभं ऱ्हायलंय न्हवं? मग खा आजच. पव्हलं असतं तर परत."