अण्णांचा ट्रे आणि आणिक आगार

अण्णा एसटीत वाहक होते, आयुष्य चोपडा डेपोत गेलं. मुंबई दाखवायची म्हटली की राणीची बाग नको, समुद्र नको, असंच चालायचं त्यांचं. "मुंबईच्या बसचं संग्रहालय आहे, बेस्टचं," म्हटल्यावर मात्र जळगावहून मुंबईच्या तिकिटाला हो म्हणाले. जळगाव-धुळ्याकडून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय.

अमरावती एक्सप्रेस सोयीची. रात्री जेवून बसायचं आणि उजाडताना दादरला उतरायचं. संग्रहालय नऊला उघडतं, त्यामुळे हातात चांगले दोन-तीन तास उरतात. वेटिंग रूममध्ये तोंडं धुऊन आम्ही पूर्वेला बाहेर पडलो. चहावाल्याला बसचं विचारलं तर म्हणाला, "टीटीला जा." अण्णा बुचकळ्यात पडले. भुसावळकडच्या माणसाला टीटी म्हणजे काळ्या कोटातला, तिकीट तपासणारा. पण इथला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत ट्राम बंद होऊन साठ वर्षं उलटली, तरी लोक खोदादाद सर्कलला अजून दादर टीटीच म्हणतात. संग्रहालय बघायच्या आधी त्या चौकात पाच मिनिटं उभं राहाच, नंतर नकाशे बघताना फार उपयोग होतो.

संग्रहालय शीव-वडाळ्याच्या बाजूला, आणिक आगारात आहे. बसच्या कपाळावर 'आणिक आगार' पाटी बघून चढायचं, शेवटचा थांबा तोच. लोकलने आलात तर हार्बरचं जीटीबी नगर किंवा मध्य रेल्वेचं शीव स्टेशन जवळ, तिथून बस नाहीतर टॅक्सी. आगार चालू आहे, बस वळत असतात, मुलांचे हात धरा. गेटवर विचारलं की वर पाठवतात. जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन निघाला असाल तर हे आधीच सांगा. आम्ही दर मजल्याला थांबत गेलो. तिकीट नाही, फुकट आहे. अण्णांना ते काही पटलं नाही. "बसचं म्युझियम आन् तिकीट नाही?"

आत गेल्यावर ट्राम आणि बसच्या छोट्या प्रतिकृती आहेत, जुने फोटो आहेत. सुरुवात घोड्यांच्या ट्रामपासून. 9 मे 1874 ला कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत ती पहिल्यांदा धावली. भाडं तीन आणे. सुरुवातीला तिकीटच देत नसत, पैसे घेतले की झालं. फुकटे वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकीट आणलं. हे वाचून दाखवलं आणि अण्णा मोठ्यांदा हसले. "म्हणजे वाहकाच्या आधी फुकटा आला!"

विजेची ट्राम 1907 ला, दुमजली ट्राम 1920 ला. बस त्या मानाने उशिरा आली: 15 जुलै 1926, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आपली एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, म्हणजे मुंबईची बस तिच्याहून बावीस वर्षांनी थोरली. हा हिशोब अण्णांनी मनातल्या मनात केला, आणि जरा नाराजीनेच सांगितला. दुमजली बस 1937 ची. ट्राम-बस चालवणाऱ्या खासगी कंपनीकडून महापालिकेकडे हा कारभार आला 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी.

मला स्वतःला ट्रॉलीबसची गोष्ट सगळ्यात आवडली. 1962 ते 1971 एवढीच टिकली. वर ट्रामसारखी तार, पण खाली रूळ नाहीत, रबरी टायर. ट्रामला वर एकच तार पुरते, कारण वीज रुळातून परत जाते. रबरावर चालणाऱ्या गाडीला ती वाट नाही, म्हणून वर दोन तारा आणि टपावर दोन दांडे. इतकं साधं, पण कुणी सांगितल्याशिवाय डोक्यात येत नाही.

अण्णा तोवर दुसरीकडेच होते. तिकिटांच्या कपाटापाशी. "आरे, हाई तं आपलं चिमटं शे!" म्हणजे हा तर आपला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आहे, सगळं दालन ऐकेल एवढ्या आवाजात. घरी मराठी, आनंद झाला की अहिराणी, असं त्यांचं आहे. मग तिथे आलेल्या कॉलेजच्या चार पोरांना त्यांनी उभं केलं आणि वाहकाचा तिकिटांचा ट्रे कसा धरायचा, कोणत्या रंगाचा गठ्ठा कुठे, टप्पा कसा मोजायचा, एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने चिमटा कसा टकटकवायचा, हे काचेबाहेर उभं राहून करून दाखवलं. पोरांनी मोबाईलवर चित्रीकरण केलं. पाटीवर हे काहीच लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते या संग्रहालयाची तीच उणीव आहे: गाड्यांचं सगळं आहे, त्या चालवणाऱ्या माणसांच्या हातांचं कमी. तुमच्या घरी कुणी एसटीतून निवृत्त झालेलं असेल तर त्यांना न घेता जाऊ नका.

दीड-दोन तास पुरतात. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला गेली. ते वाचून खाली उतरलो आणि आवारातल्या सावलीत दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी काढली. डबा घरून न्याच, बाहेर शोधत फिरण्यात वेळ जातो.

सोमवार-मंगळवार बंद असतं, बुधवार ते रविवारच ठरवा आणि निघायच्या आधी चौकशी करून घ्या.

परतीची अमरावती रात्री आठच्या सुमारास निघते आणि जळगावला मध्यरात्रीनंतर येते. मोबाईलमध्ये गजर लावून झोपा, नाहीतर जाग भुसावळला येईल. आम्हाला गजराची गरज पडली नाही. अण्णाच पाचोऱ्यापासून उठून बसले होते आणि समोरच्या बर्थवरच्या माणसाला तिकिटाचे टप्पे समजावत होते.