बटर गप्प झालं की

सोमवार

फ्रेंच ऑम्लेटला तीन अंडी, १५ ग्रॅम अनसॉल्टेड बटर, दोन चिमटी मीठ आणि मिरपूड लागते. पॅन २० सेंटिमीटरचा, नॉनस्टिक. कांदा नाही, मिरची नाही, हळद तर नाहीच. चुकलं तर झाकायला हाताशी काही नसतं. सगळी भिस्त आचेवर आणि बटरवर.

बटर म्हणजे नुसती चरबी नव्हे. फ्रान्समधल्या बटरमध्ये निदान ८२ टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी फार तर १६ टक्के. उरतात ते दुधातले घनपदार्थ. पॅनमध्ये पडलं की बटर वितळतं आणि चरचरायला लागतं. तो आवाज पाण्याचा. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं. फेस येतो, मग बसायला लागतो, आवाज मंदावतो आणि तिथून पुढे बटर झपाट्याने तापतं. घरी लोणी कढवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चुळचुळ थांबली, बेरी बदामी झाली की तूप झालं. फ्रेंच घरगुती स्वयंपाकातले कितीतरी निर्णय याच आवाजावर होतात. कृतीत लिहिलेल्या ‘मध्यम आच’ या शब्दांवर मात्र विसंबू नये, कारण प्रत्येक शेगडीची मध्यम आच वेगळी. बटरचा आवाज सगळीकडे सारखाच.

अंडी काट्याने वीसेक फटक्यांत मोडायची. पांढरं-पिवळं एक झालं की थांबायचं. फेस येईपर्यंत घोटलं तर ऑम्लेट फुगतं आणि कोरडं होतं. (याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. माँ सँ-मिशेलच्या बेटावर १८८८ पासून चाललेल्या ‘ला मेर पुलार’मध्ये अंडी तांब्याच्या भांड्यात मुद्दाम भरपूर फेसतात आणि लाकडाच्या जाळावर उशीसारखं ऑम्लेट करतात. तो प्रकारच निराळा.) बटरचा फेस बसलाय पण रंग अजून पालटलेला नाही, त्या क्षणी अंडी ओतायची. एका हाताने पॅन हलवत, दुसऱ्या हाताने लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने वीस-पंचवीस सेकंद सतत ढवळायचं. बारीक, मऊ गोळे दिसू लागले आणि वरचा थर अजून ओला असला की ढवळणं बंद, गॅस बंद. दहा सेकंद थांबून पॅन तिरका करायचा आणि दोन्हीकडून दुमडत ताटलीत उलटायचं. सगळा खेळ मिनिटाभराचा.

बाहेरून पिवळं, गुळगुळीत, एकही तपकिरी डाग नाही. आतून ‘बावझ’. या शब्दाचा मूळ अर्थ लाळ गाळणारं असा आहे आणि तरीही फ्रेंच माणूस तो कौतुकाने वापरतो. वर सुरकुत्या आणि डाग पडले तर पॅन फार तापला होता. चिकटलं तर बटरचा फेस यायच्या आधीच घाई झाली. ताटलीत पाणी सुटलं तर जास्त शिजलं, प्रथिनं आवळली आणि त्यांनी पाणी बाहेर टाकलं. इराण्याकडचं कडा खरपूस झालेलं मसाला ऑम्लेट डोळ्यांसमोर ठेवून हे खाल्लं तर कच्चं वाटेल. तुलना करूच नये.

मंगळवार

विनेग्रेत, म्हणजे सॅलडच्या पानांना लावायचं आंबट कालवण. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल. क्रम महत्त्वाचा. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवायचं, कारण ते तेलात विरघळत नाही, मग पानांवर खडे दाताखाली येतात. त्यात अर्धा चमचा दिजाँ मोहरी (दाणे नव्हेत, मोहरीचं तयार फ्रेंच वाटण). ती चवीला तर आहेच, शिवाय तेल आणि व्हिनेगर काही काळ एकत्र धरून ठेवते. तेल शेवटी, थोडं थोडं. स्वस्त सिंथेटिक व्हिनेगर इथे नको, घशाला लागतं.

पानं पूर्ण कोरडी हवीत. ओल्या पानावरून विनेग्रेत घसरून तळाशी जातं आणि वाडग्यात नुसतं आंबट पाणी उरतं. पानं स्वच्छ पंच्यात बांधून गॅलरीत गरगर फिरवायची, यंत्राची गरज नाही. कालवायचं ते ताटावर बसताना.

बुधवार

कांद्याचं सूप. चौघांसाठी एक किलो कांदे, ५० ग्रॅम बटर, चमचाभर तेल, एक छोटा चमचा मीठ, १५ ग्रॅम मैदा, १५० मिलिलिटर कोरडी व्हाइट वाइन, सव्वा लिटर स्टॉक, तमालपत्र, थोडं थाइम. वरून शिळ्या ‘बागेत’चे (लांबट फ्रेंच पावाचे) काप आणि १५० ग्रॅम ग्रुयेर किंवा कोंते चीज. वेळ दोन तास. ‘दहा मिनिटांत कांदा तांबूस करा’ असं जिथे लिहिलेलं असेल ती कृती मिटून ठेवावी.

कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते गेल्याशिवाय तापमान चढत नाही आणि तापमान चढल्याशिवाय रंग येत नाही. म्हणजे बटरचीच गोष्ट, फक्त तासाभराची. फ्रेंचमध्ये कांद्याच्या पायऱ्यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत. ‘स्युए’ म्हणजे कांद्याला घाम आणणं, ‘ब्लाँदीर’ म्हणजे सोनेरी करणं, ‘कारामेलिझे’ म्हणजे पार तपकिरी, मुरांब्यासारखा करणं. आपण ‘परता’ म्हणून मोकळे होतो आणि गुलाबी की तांबूस ते करणाऱ्यावर सोडतो. त्या पायऱ्या या सुपात गाळता येत नाहीत.

कांदा उभा चिरायचा, तीन-चार मिलिमीटर जाड. आडवा चिरला तर तासाभरात लगदा होतो. जाड बुडाच्या रुंद भांड्यात बटर-तेल, कांदा, मीठ. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं. मीठ पाणी ओढून काढतं, कांदा मरगळतो, भांडं अर्धं होतं. मग झाकण काढायचं. पुढची ४५ ते ६० मिनिटं दर चार-पाच मिनिटांनी तळापासून ढवळायचं. सुरुवातीला रटरट ऐकू येते. ती थांबून बारीक चरचर सुरू झाली की पाणी संपलं, आणि आता जवळून हलायचं नाही. तळाला तपकिरी साय धरते. ती खरवडून टाकायची वस्तू नव्हे, सुपाचा सगळा रंग तिच्यात आहे. दोन चमचे पाणी टाकायचं, उलथन्याने सोडवायची, कांद्यात मिसळायची, पुन्हा धरू द्यायची. असं तीन-चार वेळा. साय तपकिरीची काळी झाली तर मात्र सूप कडू होणार, आणि साखर घालून ते सुधारत नाही. त्या भांड्यातला वरचा कांदा अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा, तळ तसाच सोडून द्यावा.

किलोभर कांद्याचा अडीचशे-तीनशे ग्रॅम ऐवज उरतो. घाई करणारे चिमूटभर सोडा घालतात. रंग लवकर येतो खरा, पण कांद्याची पेज होते.

कांदा कोणता? गोड कांदाच हवा असं वाटतं, तसं काही नाही. तिखट साठवणीच्या कांद्यातही साखर भरपूर असते, तिखटपणाखाली ती जिभेला कळत नाही इतकंच, आणि तिखटपणा शिजताना निघून जातो. तेव्हा अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी कोशिंबिरीसाठी टांगून ठेवावी. नाशिकचा लाल कांदा चालतो, फक्त मधल्या टप्प्यावर जरा मळकट जांभळा दिसतो.

रंग आल्यावर मैदा भुरभुरून दोन मिनिटं परतायचा, वाइन ओतून ती जवळजवळ आटवायची. वाइन गोडीला तोल देते. ती नको असेल तर शेवटी एक चमचा व्हिनेगर. मग स्टॉक आणि अर्धा तास मंद उकळी. मूळ स्टॉक बीफचा, पण कोंबडीचा उत्तम चालतो. शाकाहारी करायचं तर मशरूमचे देठ, गाजर, सेलरी आणि कांद्याची सुकी सालं तासभर उकळून गाळावीत. सालांमुळे रंगही येतो. मीठ आता चाखून, कारण चीज खारट असतं.

पाव ओव्हनमध्ये १५० अंशांवर कडकडीत वाळवायचा. मऊ पाव सुपात पडला की चिखल होतो. ओव्हनला चालतील असे वाडगे, वर पाव, वर किसलेलं चीज, ग्रिलखाली तीन-चार मिनिटं. प्रोसेस्ड चीजच्या चकत्या नकोत. त्या वितळून नुसत्या पसरतात, ना तार येते ना खमंग पापुद्रा.

पॅरिसमध्ये हे सूप ‘ले आल’च्या घाऊक बाजारातल्या हमालांचं आणि रात्रभर जागलेल्या चैनी लोकांचं, दोघांचंही पहाटेचं खाणं होतं. बाजार १९६९ मध्ये रंजिसला हलला. सूप ‘ले आल’च्या खाणावळींत राहिलं.

गुरुवार

बेशामेल, म्हणजे दूध-मैद्याचा पांढरा सॉस. पातळसर हवं तर ३० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. क्रोक मस्यूच्या सँडविचवर थापायला दाट हवं तर दोन्ही ५०. मैदा बटरमध्ये दोन मिनिटं, फसफसून भाजक्या बिस्किटाचा वास येईपर्यंत, रंग न येऊ देता. मग गरम मैद्यात थंड दूध, किंवा गार केलेल्या मैद्यात गरम दूध. दोन्ही गरम असले तर पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आत कोरडं पीठ कोंडलं जातं. पिठल्याच्या गुठळ्यांचं कारणही हेच. पहिलं अर्धा कप दूध थोडं थोडं, बाकीचं एकदम ओतलं तरी चालतं.

दाटलं म्हणून लगेच उतरवू नये. उकळी येऊन वर आठ-दहा मिनिटं मंद आच, तेव्हा कच्च्या मैद्याची चव जाते. जायफळ ताजं किसून, अगदी थोडं. आपल्या श्रीखंडातल्याइतकं घातलं तर बेशामेल मिठाईसारखं लागतं.

शुक्रवार

ग्रातँ दोफिनवा. आल्प्सच्या पायथ्याच्या दोफिने प्रांतातला बटाट्याचा पदार्थ. १२ जुलै १७८८ रोजी गाप शहरातल्या एका सरकारी मेजवानीच्या संदर्भात त्याचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं. त्यात चीज घालावं की नाही यावर तिथे आजही भांडतात. प्रांताची परंपरा मानणारे चीज घालत नाहीत, शेजारच्या सावोआचे लोक घालतात. चीजशिवायचा खरा, कारण बटाटा आणि क्रीम मिळून जो दाटपणा येतो तो चीजखाली दबून जातो.

एक किलो बटाटे, तीन मिलिमीटरचे काप, आणि काप धुवायचे नाहीत. आपला हात चिरलेला बटाटा लगेच पाण्यात टाकायला जातो, तिथेच गाडं अडतं. कापावरचा स्टार्च धुऊन गेला की क्रीम पातळच राहतं. सोललेला अख्खा बटाटा धुऊन पुसून घ्यावा, चिरल्यावर पाणी लावू नये. ४०० मिलिलिटर क्रीम, २०० दूध, दहा ग्रॅम मीठ, मिरपूड, जायफळ यांत काप दहा मिनिटं मंद उकळायचे. भांड्याला आतून लसूण घासून बटर फासायचं. त्यात काप पसरून १६० अंशांवर ६० ते ७० मिनिटं. सुरी आरपार गेली पाहिजे. नुसत्या दुधात केलं तर ते फाटतं आणि बटाट्याभोवती चोथा दिसतो, स्निग्धांश कमी पडतो म्हणून. आपल्याकडचं पाकिटातलं २५ टक्क्यांचं क्रीम चालतं, फ्रान्समधलं ३० टक्क्यांच्या वरचं असतं. तेव्हा पाकिटातलं वापरताना दूध निम्मं करावं आणि तेवढंच क्रीम वाढवावं. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नये. तेवढ्यात ते आळतं.

रविवार

सोल मनिएर. मनिएर म्हणजे गिरणवालीच्या पद्धतीचं, कारण माशाला पीठ लावतात. सोल हा चपटा मासा. कोकणात, गोव्यात त्याच जातकुळीतला लेपा मिळतो. आकाराने लहान, पण या कृतीला चांगला. गडद बाजूची कातडी सोलून घ्यायची.

मासा कापडाने टिपून कोरडा. मीठ. मैदा अगदी पॅनमध्ये सोडायच्या क्षणी, आणि झटकून. पाच मिनिटं आधी लावला तर ओल शोषून चिकट होतो आणि उलटताना कातडीसारखा सुटून येतो. तळायला मूळ कृतीत घनपदार्थ काढलेलं बटर सांगतात. म्हणजे आपलं तूपच, फक्त आपलं जास्त कढवलेलं, म्हणून वासाला उग्र. निम्मं तूप निम्मं तेल घ्यावं. बऱ्यापैकी तापल्यावर मासा, लेप्याला दर बाजूला दोन मिनिटं, मोठ्या सोलला तीन-चार. पॅनमध्ये गर्दी केली तर मासा तळला जात नाही, उकडतो.

मासा गरम ताटलीत काढायचा. पॅनमधलं तूप ओतून टाकायचं आणि पॅन पुसायचा. हे टाळून त्याच तुपात बटर घालतात तिथे सगळं बिघडतं, कारण जळलेला मैदा कडू असतो. आता ५० ग्रॅम नवं अनसॉल्टेड बटर. मीठवालं बटर मिठामुळे इथे खारट होतं. घरचं विरजणाच्या सायीचं लोणी मात्र छान, कारण फ्रान्समधलं बटरही बहुतेक आंबवलेल्या सायीचंच असतं. लोणी तीन-चार पाण्यांत धुऊन ताक नीट काढलेलं हवं. पाणी जास्त म्हणून ते जास्त वेळ चरचरेल.

पॅन स्टीलचा असला तर बरं, तळाचा रंग दिसतो. फेस, चरचर, फेस बसतो, आवाज जातो. सोमवारी इथे अंडी ओतली होती. आज थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांत तळाचे पांढरे कण बदामी होतात, भाजलेल्या हेझलनटचा वास येतो. म्हणूनच याचं नाव ‘बर न्वाझेत’, हेझलनटचं बटर. बदामी ते काळं हे अंतर जेमतेम पाच सेकंदांचं, आणि पॅन गरम असल्याने गॅस बंद केल्यावरही बटर पुढे शिजत राहतं. त्याला रोखायला अर्ध्या लिंबाचा रस. गप्प झालेलं बटर पुन्हा जोरात बोलतं, फेसाने वर येतं. फेस आहे तोवर माशावर ओतायचं, बारीक चिरलेली पार्सली टाकायची आणि ताट तसंच टेबलावर न्यायचं.