चौथ्या पेशीचा शेजारी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी फळमाशीच्या भ्रूणावरचे पट्टे घेतले. अंडं जेमतेम तीन तासांचं होतं न होतं तोच ‘एन्ग्रेल्ड’ या जीनचे पट्टे उमटायला लागतात, एकूण 14. शेजारच्या पेशीत ‘विंगलेस’ हा दुसरा जीन चालू असतो. दोघं एकमेकांना जागं ठेवतात, म्हणून पट्टा टिकतो. हे कॉम्प्युटरवर घडवून दाखवायचं होतं.

आधी हौसेने समीकरणांच्या मॉडेलला हात घातला. पन्नासेक पॅरामीटर, म्हणजे आधी ठरवून द्यायचे आकडे! चार दिवसांत नाद सोडला. पण हे मॉडेल मांडणाऱ्या फॉन दासो आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या पेपरमधली एक गोष्ट डोक्यात राहिली. त्यांनी आकडे चिठ्ठ्या उचलाव्यात तसे निवडले, तरी साधारण 200 वेळांत एकदा पट्टे जमत होते. म्हणजे आकड्यांपेक्षा कोण कोणाला जोडलंय याला किंमत. मग मी अल्बर्ट-ऑथमरचं 2003 चं बुलियन मॉडेल धरलं: जीन चालू नाहीतर बंद, चार पेशींचा एक संच, तोच पुढे पुढे.

कोड लिहिला, चालवला, आणि काही फेऱ्यांत एन्ग्रेल्ड गेलं, त्याच्या जोडीचा ‘हेजहॉग’ जीन गेला, विंगलेसही गेलं. सगळीकडे शून्य. आठवडाभर मी नियम तपासत बसले. नियम बरोबर होते, हे जास्त चिडवणारं.

शेवटी ठाणे-वाशी लोकलमध्ये वहीवर पेन्सिलने एकेक फेरी हाताने सोडवायला घेतली. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, “सुडोकू का गं?” रबाळ्याला पहिल्या पेशीच्या रकान्यात अडकले. एन्ग्रेल्ड पहिल्या पेशीत, विंगलेस चौथ्या. मग पहिलीला विंगलेस देणार कोण? मागच्या संचाची चौथी पेशी! आणि मी तर टोकाच्या पेशींना शेजारीच ठेवला नव्हता. ‘i+1’ला, म्हणजे पुढच्या पेशीला, शेवटी एरर येत होती, म्हणून दोन्ही टोकांना ‘if’ ठोकून मोकळी झाले होते. पट्टा जगतो नेमका त्या सीमेवर, आणि तीच मी कापली होती.

घरी येऊन दोन्ही ‘if’ काढले, ‘(i+1) % 4’ लिहिलं, म्हणजे चौथीनंतर पुन्हा पहिली. पट्टा टिकला. विश्वास बसेना म्हणून ‘पॅच्ड’ जीन बंद करून पाहिलं. विंगलेस तिसऱ्या-चौथ्या पेशीत पसरलं, एन्ग्रेल्ड पहिल्या-दुसऱ्या. पट्टे रुंद झाले, अल्बर्ट-ऑथमरच्या पेपरमध्ये होते तसेच. रात्रीचा दीड वाजला होता. आई आतून म्हणाली, “लाइट बंद कर आता.”