पेटीतली इंग्रजी

देवगड, आषाढातला शनिवार, रात्री

हंगाम संपला की आमच्याकडे बागेला खत घालणं आणि राहिलेले हिशोब जुळवणं, एवढंच उरतं. यंदा मी त्यात इंग्रजी घातलंय. जेवणं आटपली, भांडी झाली की बसते. वीज असली तर ठीक, नाहीतर मोबाइलची बॅटरी आहेच.

शाळेत आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते आलं २००० साली, तोवर माझी शाळा कधीच संपली होती. तरी वाचायला मी घाबरत नाही. खताच्या गोणीवरचं, बँकेच्या मेसेजमधलं कळतं. अडतं ते फोनवर. सगळा आंबा वाशीला जायचा तेव्हा दलालाशी मराठीत भागायचं. आता बऱ्याच पेट्या कुरियरने थेट घरोघर जातात, आणि ती घरं बेंगळुरूची, चेन्नईची. हिंदी त्यांचीही बेताची, माझीही बेताचीच.

सुरुवातीला पुतण्याने शब्दांची यादी आणून दिली होती. भाज्या, प्राणी, नातेवाईक. जिराफाबद्दल मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. आणि बॉक्स, पार्सल, रेट, डिलिव्हरी हे शब्द तर आमच्या सासूबाईही वापरतात. कमी पडतात ती मधली वाक्यं. थांबा, बघून सांगते. परत एकदा बोला. आज नाही जमणार, परवा पाठवते. ही मी आता जुळवत बसत नाही, अख्खीच पाठ करते: ‘लेट मी चेक अँड कॉल यू बॅक.’ ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ ‘आय कॅन सेंड इट द डे आफ्टर टुमॉरो.’ वाक्य जिभेवर बसलं की त्यातलं व्याकरण सावकाश कळतं, घाई नसते.

मोठ्याने म्हणावं लागतं मात्र. काल सासूबाई आतून म्हणाल्या, “काय गो, एकटीच कोणाशी बोलतंस?” म्हटलं, गिऱ्हाइकाशी. “ह्या पावसात खयचा गिरायक?”

मान कसा द्यायचा, हे मला सगळ्यात अवघड गेलं. आपल्याकडे ‘तुम्ही’ म्हटलं की निम्मं काम होतं. तिकडे लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’, मग अदब वाक्याच्या सुरुवातीला आणून ठेवायची: ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’. नुसतं ‘सेंड मी युअर अॅड्रेस’ व्याकरणात बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. ‘वुड यू माइंड वेटिंग टिल मंडे?’ असं विचारलं आणि समोरून ‘नॉट अॅट ऑल’ आलं, तर तो होकार, हे पुतण्याने दोनदा समजावलं तेव्हा पटलं.

आकड्यांची गोष्ट वेगळीच. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी. मराठीत कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी पंधरा पंधराच राहतात आणि पन्नास पन्नासच. इंग्रजीत फिफ्टीचा जोर पहिल्या तुकड्यावर, फिफ्टीनचा शेवटच्या. एवढं लक्षात ठेवावं तर पुढे डझन आलं की फिफ्टीनचाही जोर बहुतेक वेळा सुरुवातीला सरकतो! मग फोनवर, त्यात आमच्या इथल्या रेंजवर, ऐकणाऱ्याने काय करावं? पंधरा डझन आणि पन्नास डझन यांत अख्खा टेम्पो इकडचा तिकडे होतो. म्हणून मी आकडा फोडून विचारते: ‘वन फाइव्ह, फिफ्टीन, राइट?’ पिनकोड तर एकेक अंक करूनच घेते. यात कमीपणा काही नाही, समोरचाही सुटल्यासारखा ‘येस, येस’ म्हणतो. त्याचीही ती शिकलेलीच भाषा. माझी इंग्रजी लंडनच्या कुणासाठी नाही, हे ध्यानात आल्यापासून मोबाइलवरचे इंग्रज उच्चार घोटणं मी कमी केलंय.

पाठांतरासाठी एक युक्ती हाती लागली आहे. आंब्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स, आतले कप्पे तसेच ठेवलेले. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे दिवसाआड, आठवड्याने. पद्धत लाइटनर नावाच्या एका जर्मन माणसाने १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. त्याआधी एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्याने विसरतं. माझा अनुभव वेगळा नाही. सकाळी चुलीपाशी उजळणी केली नाही तर रात्रीचं दुपारपर्यंत गेलेलं असतं.

मराठी एकीकडे, इंग्रजी एकीकडे, ही मांडणी आमच्या तालुक्याला नवी नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं ते दोन रकान्यांत, एकात मराठी आणि एकात इंग्रजी. पोंभुर्ल्यात त्यांचं स्मारक आहे. त्या बाजूला जाणं झालं की मला ते दोन रकाने आठवतात. त्यांच्या रकान्यांत राज्यकारभार आणि विद्या, माझ्या कार्डांवर ‘डोंट कीप देम इन द फ्रिज टिल दे राइपन’. असो.

सध्या साक्यावर अडलेय. वरून देखणा हापूस, कापला की आत पांढरट, आंबट गर. बाहेरून आम्हालाही कळत नाही, हे गिऱ्हाइकाला कसं पटवायचं? शास्त्रातलं नाव ‘स्पाँजी टिश्यू’, पण ते ऐकून माणूस आणखी घाबरतो. शेवटी लिहिलं: ‘वी कान्ट सी इट फ्रॉम आउटसाइड. प्लीज सेंड अ फोटो, वी विल रिप्लेस इट.’ साधं आहे, चालेल.

उधारीचं वाक्य पुतण्याने दिलं: ‘जस्ट अ जेंटल रिमाइंडर.’ म्हणे, काकी, शहरात असंच मागतात. मे महिन्यात चार पेट्या नेलेल्या एका साहेबांना संध्याकाळी पाठवून दिलं, पुढे ‘होप यू एन्जॉइड द मँगोज’ माझ्या पदरचं जोडून. निळ्या खुणा लगेच आल्या. मग उत्तर आलं, हात जोडलेलं चित्र. पैसे नाहीत. जेंटलनंतरची पायरी कुठली, ते उद्या त्याला विचारायला हवं.