वाकळेवर कुणाचं नाव?

"ही तू मशिनमध्ये धुतेस?" असं म्हणत चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंनी माझ्या हातातली, आजीनं शिवलेली वाकळ काढून घेतली, टेबल पुसून त्यावर पसरली आणि दोन्ही तळव्यांनी सपाट केली. "पुन्हा मशिनमध्ये घालायची नाही. उन्हात वाळवायची नाही. दर वेळी त्याच रेषेवर घडी घालायची नाही. आणि पोरांच्या हातात तर द्यायचीच नाही." त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी मनातल्या मनात भांडण चालू आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही राहतो लिंकनला, नेब्रास्कात. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लुथेरन चर्च आहे आणि त्याच्या तळघरात दर गुरुवारी सकाळी बायका गोधड्या शिवायला बसतात. बहुतेक निवृत्त, काही तर नव्वदीला टेकलेल्या. या गोधड्या विकायच्या नसतात. लुथेरन वर्ल्ड रिलीफ नावाच्या संस्थेमार्फत त्या निर्वासितांच्या छावण्यांत, पूर-भूकंपाने उघड्यावर पडलेल्या गावांत जातात. माप ठरलेलं, साधारण ६० बाय ८० इंच. कापड मात्र मिळेल ते: जुन्या चादरी, उतरवलेले पडदे, कुणाच्या वारलेल्या नवऱ्याचे शर्ट. आमच्या वाकळेचा एक कोपरा विरला होता, तेव्हा जाड सुई आणि थोडा सल्ला मागायला मी तिथे गेले. मध्ये चिंध्यांचा ढीग, भोवती बायका, हात चालू आणि तोंडही चालू. मला इतकं भरून आलं की सुई मागायचं राहूनच गेलं. जिजीची ओसरी दुपारी अशीच भरलेली असायची.

जिजी म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. गाव माण तालुक्यातलं. माणदेश म्हटल्यावर पावसाचं आणि पाण्याचं वेगळं सांगायला नको. घरात मोजून मापून असायचं, पण जिजी हाताने कधी आखडती नव्हती. ज्वारी नसेल तर ताक, ताक नसेल तर चार गोवऱ्या, तेही नसेल तर बसवून घेऊन विचारपूस. आणि जे तिच्याकडे कधीच संपलं नाही ते म्हणजे जुनं कापड आणि ते जोडायची हौस.

तिची वाकळ कशी व्हायची ते जरा सविस्तर सांगते, कारण तळघरातल्या बायकांना समजावताना माझ्या लक्षात आलं की मला ते सगळं पाठ आहे. ओसरी सारवून वाळली की ती खाली एक लुगडं पसरायची. त्यावर आजोबांच्या धोतराचे पदर, विरलेले सदरे, पोरांच्या चड्ड्या, जे असेल ते, पण उंचवटा राहता कामा नये. हात फिरवून बघायची आणि कुठे जाड लागलं तर तिथलं काढून खोलगट भागात भरायची. वरून दुसरं लुगडं. चार कोपऱ्यांवर चार दगड. मग कडेपासून धावदोरा सुरू. एक बाजू झाली की वळायचं, दुसरी बाजू, तिसरी, असं चौकोनात फिरत फिरत आत यायचं. सुई जाड पदरातून निघाली नाही की चिंधीनं पकडून ओढायची. म्हसवडच्या बाजारातल्या एका शिंप्याकडून ती कातरण आणायची आणि त्यातले चोळखणाचे तुकडे निवडून वाकळेच्या मधोमध तुळशीवृंदावन लावायची. प्रत्येक वाकळेत वृंदावन वेगळं. कुठे दोन पायऱ्या, कुठे तीन, एकीवर तर शेजारी कोंबडा होता. "कोंबडा कशाला गं?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिला उठायला उशीर हुतो." ती वाकळ एका नव्या सुनेसाठी होती.

मध्यावर येऊन शेवटचा टाका घालायच्या आधी ती आत चिमूटभर तांदूळ सोडायची. "उपाशी वाकळ कुणाला द्यायची न्हाय."

आणि शिवता शिवता ओव्या. जात्यावर बसायचे दिवस गिरणी आल्यावर संपले, पण तिच्या ओव्या सुईबरोबर चालू राहिल्या. एक तिने स्वतः जुळवलेली मला पूर्ण आठवते:

वाकळ शिवीते बाई, टाका घालीते सरोसरी
माझ्या हाताची गं ऊब, जाऊ द्यावी परघरी

हे काही नुसतं गाण्यापुरतं नव्हतं. दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघायची. कारखान्याच्या फडावर पाचटाची खोपटी आणि पौष-माघातली थंडी. ट्रक निघायच्या आदल्या रात्री जिजी वाकळा घेऊन वस्तीवर जायची. ज्या घरात गरोदर बाई किंवा अंगावरचं पोर आहे, ते घर आधी. बाळंतिणीला दुपटं, लेकीच्या रुखवतात एक वाकळ, एकट्या म्हाताऱ्याला एक. देताना तिचा एकच नियम होता: नवी द्यायची, आपण वापरलेली नाही. आपल्या घरात मात्र ठिगळाला ठिगळ लावलेल्या. आजोबा कुरकुरायचे, पण धोतर जुनं झालं की स्वतःच धुऊन, घडी घालून तिच्या गाठोड्यावर ठेवायचे.

आता वाकळ काढून घेणाऱ्या त्या बाईंकडे येते. त्यांनी मला हाताला धरून इथल्या गोधड्यांच्या संग्रहालयात नेलं. इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम, नेब्रास्का विद्यापीठाचं. १९९७ मध्ये एका दांपत्याने आपल्या जवळपास ९५० गोधड्या विद्यापीठाला दिल्या, त्यातून ते उभं राहिलं. २००८ मध्ये त्याची इमारत झाली आणि आता तिथे जगभरातल्या हजारो गोधड्या आहेत. दिवे मंद, कारण प्रकाशाने रंग उडतात. हवेतला दमटपणा सांभाळलेला. हात लावायचा नाही. मला आधी रागच आला. अंगावर घ्यायची वस्तू, तिला हातही लावायचा नाही? आमच्याकडे वाकळेत माणसं जन्मली, तापाने फणफणली, गेली. तिला ताठ भिंतीवर लटकवून मान दिला असं म्हणायला माझं मन तयार नव्हतं.

पण एका गोष्टीपुढे मी खरोखर नमले. प्रत्येक गोधडीशेजारी पाटी. शिवणारीचं नाव, गाव, साल. नाव माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहिलेलं. आणि तळघरातल्या बायका सांगत होत्या की घरच्यांसाठी गोधडी शिवली की मागच्या कोपऱ्यात कापडी चिठ्ठी शिवायची, नाव आणि वर्ष घालून, हे त्यांच्यात बाळबोध शिक्षण आहे. अलाबामातल्या गीज बेंड या नदीच्या वळणावरच्या खेड्यात, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या लेकी-नातींनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या, थंडी वाजत होती म्हणून. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कला लागल्या. २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्या बायकांची नावं लोकांना ठाऊक आहेत. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या वाकळा, याही आता परदेशांत प्रदर्शनांत लागतात. त्याही कडेपासून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांना फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. हे वाचताना मला जिजीचे तांदूळ आठवले. आणि मग आतून काहीतरी टोचायला लागलं. जिजीच्या एकाही वाकळेवर तिचं नाव नाही. ज्या घरांत त्या गेल्या, तिथे त्या विरल्या, पोत्यासारख्या दाराशी आल्या, संपल्या. जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या, म्हणून त्या म्हणणाऱ्या बायकांची नावं तरी उरली. जिजीपर्यंत कुणी पोचलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी विरलेला कोपरा उसवला आणि आतून एक कापडी पिशवी निघाली. फिकट, पण वाचता येणारी. इंग्रजी अक्षरं आणि हस्तांदोलन करणारे दोन हात. अमेरिकेच्या मदतीच्या धान्यावर असायचं ते चिन्ह. वडिलांना फोन केला तर ते लगेच म्हणाले, शाळेत खाऊ यायचा त्याची पिशवी, रिकाम्या पिशव्या गुरुजी जिजीला द्यायचे. तळघरात एकच गलका झाला. सगळ्या उठून बघायला आल्या. आणि वाकळ सपाट करणाऱ्या त्याच बाई म्हणाल्या, "बघा, आपली मदत कुठवर पोचली होती."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला ते सहन झालं नाही. मी बोलले, आणि जरा जास्तच बोलले. ज्याखाली हे धान्य परदेशांत जायचं, तो १९५४ चा पीएल ४८० कायदा तुमच्या शेतकऱ्यांचं शिल्लक धान्य खपवायलाही होता, आणि त्यातलं बरंचसं आम्ही रुपये मोजून घेतलेलं होतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर जो तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आला, तोही काही सगळा फुकटचा नव्हता. त्याच मिलोची शेतं या नेब्रास्कात अजून उभी आहेत. पण त्या वर्षी माझी आजी काय करत होती ते ऐका, म्हटलं. दुष्काळी कामावर खडी फोडत होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, त्यातली ती एक. दिवसभर उन्हात हातोडा, आणि रात्री चिमणीच्या उजेडात याच पिशव्या उसवून, उकळून, त्यांचे पदर घालून शेजाऱ्यांसाठी वाकळा. पिशवी तुमची असेल. मदत तिने केली.

कुणी काही बोललं नाही. मी घरी आले, आणि खरं सांगते, मला जे बोलले त्याचं वाईट वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला सतत आभारी दिसावं लागतं. इथले रस्ते, इथलं पाणी, इथली शिस्त, सगळ्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण जिजीच्या बाबतीत मला कुणाचं ऋण मान्य नाही.

त्या बाई पुढच्या वेळी एक बोचकं घेऊन आल्या. त्यांच्या आजीची गोधडी. १९३० च्या दशकात, मंदी आणि धुळीच्या वादळांच्या दिवसांत, इथल्या शेतकरी बायका पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशव्यांतून कपडे शिवायच्या. ते बघून गिरण्यांनी पिशव्यांवर फुलांच्या नक्षी छापायला सुरुवात केली. त्या गोधडीतही अशाच पिशव्यांचे तुकडे होते, निळी फुलं, पिवळे ठिपके, आणि मागच्या बाजूला धुऊन न गेलेलं गिरणीचं नाव. बाई म्हणाल्या, "आमची पोरं या पिशव्यांत वाढली हे आई कुणाला सांगू द्यायची नाही." त्यांनी ती गोधडी माझ्या हातात दिली. हातमोजे नाहीत, काही नाही. आम्ही दोघींनी मिळून वाकळेचा कोपरा दुरुस्त केला. पिशवी आत आहे तिथेच ठेवली.

धुण्याबद्दल आमचं अजून जमलेलं नाही. त्या म्हणतात तसं आम्लरहित कागदात गुंडाळून मी ती कपाटात ठेवणार नाही. माझा मुलगा तिच्याशिवाय झोपत नाही, आणि नेब्रास्काच्या जानेवारीत, बाहेर उणे पंधरा असताना, त्याला दुकानातलं पांघरूण द्यायचं आणि जिजीची वाकळ अंधारात ठेवायची हे मला पटत नाही. ती विरेल, हे मला माहीत आहे. जिजीने ती विरण्यासाठीच शिवली होती. गावाकडची काही मंडळी म्हणतात, परदेशात नेऊन हालच केलेस तिचे. गावात उरलेल्या वाकळा कुठे आहेत, त्या आधी त्यांनी दाखवाव्यात.

पण चिठ्ठी शिवायची हे मी पक्कं केलं आणि आत्याला फोन लावला. जिजीचं पूर्ण नाव, माहेर, साधारण साल, एवढंच हवं होतं. आत्या बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाव घालतीस तर एकटीचं नको घालू. ती कुठं एकटी शिवत हुती?" आणि एकेक सांगत गेली. वरचं अंजिरी लुगडं जिजीचं, पण खालचं हिरवं इरकली गिरणीवाल्याच्या बायकोचं, तिचा नवरा गेल्यावर तिने दिलेलं. आतले धोतराचे पदर आजोबांचे. कडेचे टाके शेजारच्या मामीचे, कारण तिची कड सगळ्यांत सरळ यायची. वृंदावनाचा तांबडा खण आत्याच्या स्वतःच्या पहिल्या चोळीचा. पिशव्या गुरुजींच्या. मोरपंखी तुकडा मात्र कुणाचा ते तिलाही आठवेना.

सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. चिठ्ठी बरीच मोठी होणार, तळघरातल्या बायकांनी तेवढं पांढरं मांजरपाट आधीच बाजूला काढून ठेवलं आहे. मोरपंखी तुकड्यासाठी आत्या रविवारी वस्तीवर जाऊन विचारून येणार आहे. तोवर मी बाकीची नावं पेन्सिलीनं लिहायला घेतली आहेत.