दुधाच्या दातांची साक्ष
अण्वस्त्रांवरचे करार सरकारे करतात, पण त्यांसाठी लागणारा पुरावा पुष्कळदा सामान्य माणसांनी गोळा केलेला असतो, हे मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे एका नागरिक समितीने १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात मागवले. अणुचाचण्यांतून हवेत गेलेले स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या शरीरात कसे उतरते, हे त्या इवल्याशा दातांनी दाखवून दिले. वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारामागे या जागृतीचाही वाटा होता. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी करार संमत केला, तेव्हा त्यासाठी झटणाऱ्या ‘आयकॅन’ या संघटनांच्या आघाडीबरोबर हिरोशिमातून वाचलेल्या सेत्सुको थर्लो उभ्या होत्या. अण्वस्त्रधारी देश मात्र अजूनही या कराराबाहेरच आहेत.